चहाच्या भांड्याची चोच

गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या चहातला पहिला अर्धा कप ओट्याने प्यायला. भांडं नवं होतं. जुन्याचा दांडा तिसऱ्यांदा सुटला तेव्हा नवऱ्याने बाजारातून हे आणलं. जाड बुडाचं, लांब दांड्याचं, आणि काठाला एक देखणी चोच. चोच एकच. उजव्या हातात दांडा धरणाऱ्याने मनगट जरासं आत कलवलं की चहा धारेने कपात. मी दांडा डाव्या हातात धरते. मी मनगट कलवलं की चोच जाते वर, आभाळाकडे, आणि चहा बिनचोचीच्या काठावरून भांड्याच्या पोटाला चिकटत खाली ओघळतो.

"अगं, उजव्या हातात धर ना मग," नवरा म्हणाला. भला माणूस आहे. पण हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं ऐकतेय, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा असा असतो, जणू हा उपाय आजच आणि त्यालाच सुचलाय.

डावखुऱ्यांची तक्रार तशी फुटकळच असते. कात्री कापड कापत नाही, चावते. कॉलेजातल्या एकहाती खुर्चीवर बसायचं म्हणजे पाठ पिळून पेपर लिहायचा. शाईचं पेन होतं तोवर माझ्या तळहाताची कड कायम निळी असायची, कारण लिहिलेल्या ओळीवरूनच हात पुढे सरकणार. आणि जेवण! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, जे जे चवीचं ते सगळं ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचं, पण डाव्या हाताने त्याला शिवायचं नाही. आमटी वाढायच्या त्या लांब दांड्याच्या चमच्याला आमच्याकडे डाव म्हणतात. आणि डाव धरायचा उजव्या हातात. नाहीतर आजी तुपाची पळी हातावर टक्कन मारायची. लागायची नाही फार. तूप मात्र लागायचं.

गाण्याच्या क्लासात तर मी तीनच आठवडे टिकले. पेटी समोर आली आणि मी सहज डावा हात पट्ट्यांवर ठेवून उजव्याने भाता ओढायला गेले. मागचा भाता तसा ओढायचा म्हणजे हात वेलांटीसारखा वळवायला लागतो. सरांनी दोन्ही हात धरून अदलाबदल केले. मग सा वाजला, पण तो कुणीतरी दुसऱ्यानेच वाजवल्यासारखा. आईला मी सांगितलं की मला गाणं आवडत नाही. ते खोटं होतं.

हे सगळं त्या चहावरून निघालं, पण खरं सांगायचं तर दोन महिने आधीपासून डोक्यात घोळतंय. भाचीला गिटार हवी होती. तीही माझ्यावर गेलेली, डावखुरी. दुकानदार म्हणाला, डावखुऱ्यांची मागवावी लागेल, तीन आठवडे लागतील, किंमतही जास्त. नाहीतर हीच घ्या, तारा उलट्या क्रमाने चढवून देतो. भाचीने समोरची गिटार उचलली, उलटी फिरवून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मावशी, अशीच उलटी धरली तर?"

दुकानदार हसला. "तशी कुणी वाजवत नाही, बाळा."

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता हे मला ऐकून माहीत होतं. पण तो उजव्या हाताची गिटार घेऊन तारा बदलून लावायचा, म्हणजे दुकानदाराच्याच पक्षातला. त्या रात्री फोनवर शोधत बसले आणि साडेबाराच्या सुमाराला एक म्हातारी सापडली. कृष्णधवल चित्रण, अमेरिकन लोकगायक पीट सीगरच्या टीव्ही कार्यक्रमातलं. खुर्चीत ताठ बसलेली एक काळी बाई. साधी, नीटनेटकी, देवळातून येताना जरा टेकल्यासारखी. मांडीवर गिटार, आणि ती उलटी. तारांना हातही लावलेला नाही. जाड तारा खाली, जमिनीकडे. बारीक तारा वर, हनुवटीकडे. एरवी अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. इथे सगळं उफराटं. बोटं खालून ठेका देतायत, गाडीच्या चाकांसारखा, एकसारखा, आणि चाल वाजवतोय एकटा अंगठा. चेहऱ्यावर मात्र आपण काही वेगळं करतोय याचा मागमूस नाही. शेंगा सोलत असावी तशी बसलीय.

एलिझाबेथ कॉटन तिचं नाव. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिलला लागून असलेल्या कारबरोची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला जन्म. थोरल्या भावाचा बँजो होता. तो कामाला गेला की ही तो काढायची आणि उलटा धरून वाजवायची. तारा बदलायची सोय नव्हतीच, भाऊ परत आला की त्याला कळलं असतं ना! पुढे जिला जगाने 'कॉटन पिकिंग' असं भारदस्त नाव दिलं ती शैली मुळात चोरून वाजवायच्या सोयीतून आली. अकरा-बारा वर्षांची असताना लोकांच्या घरी कामाला लागली. पगार महिन्याला पाऊण-एक डॉलर. त्यातून साठवून 3 डॉलर 75 सेंटची स्टेला गिटार घेतली. घर रुळांजवळ. मालगाड्या जा-ये करायच्या. त्या वयात तिने त्यांच्यावर एक गाणं केलं, 'फ्रेट ट्रेन'. गाण्यातली व्यक्ती कुठूनतरी पळून चाललीय, आणि मेल्यावर मला चेस्टनट स्ट्रीटच्या टोकाला पुरा म्हणतेय, म्हणजे नऊ नंबरची गाडी जाताना ऐकू येईल. अकरा-बाराव्या वर्षी मी काय लिहीत होते? 'माझी आई' हा निबंध, तोही निळ्या तळहाताने पुसलेला.

तिच्या नावाचीही एक गोष्ट आहे. घरी तिला नुसतं बेबी, छोटी ताई, असंच काहीबाही हाक मारायचे. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं आणि तिने स्वतःच ठरवून टाकलं, एलिझाबेथ. हे वाचून मला माझी काकू आठवली. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, ते काकांनी वाचून दाखवेपर्यंत तिला माहीतच नव्हतं. वर्षभर म्हणे त्या नावाने हाक आली की ती मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून.

एलिझाबेथ सोळा-सतरा वर्षांची होईतो लग्न झालं, मग मुलगी. चर्चमधल्या लोकांनी सांगितलं, असली संसारी गाणी सोड, देवाचं गा. तिने गिटारच ठेवून दिली. तिची चरित्रं इथून एका परिच्छेदात चाळीस वर्षं उडी मारतात. आणि मी नेमकी तिथेच अडकते. चाळीस वर्षं म्हणजे काय आणि किती? माझ्या लग्नापासून आजपर्यंतचा सगळा काळ, वर आणखी दहा-बारा. या वर्षांत तिने लोकांच्या घरच्या फरश्या पुसल्या, कपडे धुतले, स्वयंपाक केला. या कामांची एक गंमत असते. भांडी कुठल्या हाताने घासतेस, असं कुणी कधी विचारत नाही. आजीनेही मला विचारलं नाही. फडकं डाव्या हातात चालायचं. पळी आडवी आली ती फक्त ताटाशी आणि देवाशी.

मग 1940 च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात ती बाहुल्यांच्या विभागात कामाला होती. तिथे एक लहान मुलगी गर्दीत हरवली. एलिझाबेथने तिला तिच्या आईकडे पोचवलं. ही आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी. आमच्याकडे असल्या योगायोगाला लोक लगेच 'देवाची करणी' म्हणून मोकळे होतात. मी म्हणत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. बाईंनी तिला घरकामाला बोलावलं. घरातल्या सगळ्यात धाकट्या पेनीला एलिझाबेथ म्हणता येईना, म्हणून ती झाली लिबा. स्वतः ठेवलेलं नाव असं एका बोबड्या पोरीने बदललं, आणि तेच पुढे टिकलं.

ते घर लोकसंगीताचं. भिंतीवर गिटार. पेगीने एक दिवस पाहिलं की कामवाल्या लिबाने ती उतरवून घेतलीय आणि वाजवतेय. उलटी धरून.

पुढचं मी भराभर सांगते, कारण पुढचं सगळीकडे लिहिलेलं आहे. पेगीचा भाऊ माइक रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन तिच्या घरी गेला, झोपायच्या खोलीत तिची गाणी टिपली आणि 1958 साली फोकवेज कंपनीने तबकडी काढली. 1960 साली स्वार्थमोर कॉलेजात माइकबरोबर ती पहिल्यांदा जाहीर मंचावर बसली. तेव्हा साठी ओलांडली होती.

एका ठिकाणी मात्र मला थांबायचंय, कारण माझा जीव तिथे चिडतो. पेगी तरुणपणी इंग्लंडला गेली आणि तिथे 'फ्रेट ट्रेन' गाऊ लागली. तिथल्या दोघांनी ते गाणं आपलं म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवलं. 1957 साली चास मॅकडेव्हिटच्या बँडबरोबर नॅन्सी व्हिस्कीने ते गायलं आणि इंग्लंडभर गाजलं. गाणारी एक, श्रेय घेणारे दोघे, आणि ते करणारी कारबरोची पोर आता आजी होऊन वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्याच्या ओट्याशी उभी. वाद झाला, नंतर तिचं नाव लागलं. पण लागलं तेही त्या दोघांच्या बरोबरीने. आता याला काय म्हणावं! आमच्याकडे ओव्या रचणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, हे मान्य. पण निदान त्या ओव्यांखाली दुसऱ्याने आपली सही तरी केली नाही.

नंतर ती पतवंडांना गोळा करून गाणी रचायची. 'शेक शुगरी' नावाचं गाणं असंच, एकेक कडवं पोरांनी जोडत नेलेलं. घरातली एकेक वस्तू गहाण पडत जाते, असं ते गाणं आहे. तबकडीवर ते गातेय तिची बारा वर्षांची पणती, आणि गिटार पणजीची. दौऱ्यांतून आणि पुरस्कारांतून पैसे आले. त्यातून सिरॅक्यूजला घर घेतलं. 1985 साली तिला ग्रॅमी मिळालं, वय नव्वदीत. 1987 साली गेली.

भाचीला मी तो व्हिडिओ दाखवला. तिने दोन मिनिटं पाहिला, म्हणाली, "भारी आहे," आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तारा बदललेली गिटार घेऊन आली. तिचं तिने ठरवलं, ठीक आहे. मीच मनातून थोडी हिरमुसले.

आजीचं एक राहिलंच. मी आठ-नऊ वर्षांची असेन. साताऱ्याचं घर, मे महिना, दुपारी माजघरात सगळे आडवे. मी लाडवाच्या डब्यासाठी उठले. मागच्या दारात आजी एकटीच बसली होती, पानाचा डबा उघडा. सुपारी कातरत होती. अडकित्ता तिच्या डाव्या हातात होता. सुपारी कागदासारखी पातळ सुटत होती, एकेक पापुद्रा परातीत पडताना आवाजसुद्धा येत नव्हता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिने वर पाहिलं. अडकित्ता उजव्या हातात घेतला. पुढचं खांड जाडं, वेडंवाकडं तुटलं आणि खटकन परातीत पडलं.

"झोप जा," ती म्हणाली.

मी गेले. लाडू न घेताच. यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही, आणि पळीचा नेम पुढेही चुकला नाही.

तर भांडं. नवऱ्याला अखेर माझी दया आली. रविवारी पक्कड घेऊन बसला आणि काठाच्या दुसऱ्या बाजूलाही चोच काढायला लागला. स्टील जाड, पक्कड जुनी. आता भांड्याला दीड चोच आहे. झाकण बसत नाही, आणि चहा दोन्ही बाजूंनी सांडतो. तो म्हणतो, निदान आता भेदभाव तरी नाही.