अस्सल नक्कल

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. गंजके पाने, अडकित्ते, बिनकाट्यांची घड्याळं आणि मिक्सरची भांडी यांच्या ढिगात कधीमधी एखादा पांढरा-लाल प्लास्टिकचा डबा डोकं वर काढतो, आणि नव्वदच्या दशकात शाळेत असलेला माणूस चारचौघांत तिथंच उकिडवा बसतो. व्हिडिओ गेम!

"चालू आहे का?" हे विचारायचं ते रीत म्हणून. "एकदम चालू, साहेब," हेही रीतीचंच. ताडपत्रीवर ना लाईट, ना टीव्ही, बघणार कशावर? मग रिमोट एकच आहे, अ‍ॅडॉप्टर नाहीये, असं पुटपुटत डबा खाली ठेवायचा आणि शेजारच्या पितळी तांब्यात फार रस असल्यासारखं दाखवायचं.

अमेरिकेत गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून जुने गेम हुडकणारे लोक खरं-खोटं पारखून घेतात. गेमची कॅसेट उघडून आतल्या बोर्डावर निन्टेंडो या जपानी कंपनीचं नाव छापलंय का, तेही बघतात. आपल्याकडे हे शास्त्र कामाचं नाही. निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम १९८३ साली जपानात आला, पण आपल्या बहुतेकांच्या टीव्हीला जोडली गेली ती त्याची नक्कल. कॅसेटही जपानी मापाची, ६० पिनांची. अमेरिकेतली ७२ पिनांची अस्सल कॅसेट आणली तरी ती या खाचेत बसणार नाही. म्हणून मला जुन्या बाजारात खरा निन्टेंडो नकोच असतो. मी ज्याच्यावर मे महिन्याच्या सुट्ट्या घालवल्या, तो खोटाच हवा.

आणि खोटेपणा तरी कसा दिलदार! कॅसेटवर छापलेलं असायचं : ९९९९९९९ इन १. म्हणजे एक कोटीला फक्त एक कमी. तेवढी सचोटी त्यांनी पाळली होती. यादी खाली खाली नेली की तोच मारिओ, तोच कॉन्ट्रा, फक्त कुठे पुढच्या लेव्हलपासून सुरू, कुठे लाइफ जास्त. तो अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा. सकाळी येणारं 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं चित्रसुद्धा बहुधा याहून जड असतं.

कॅसेट अडली की फुंकर मारायची, हा आपला घरगुती उपाय. खरं तर फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना खराबच होतात. गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा. आता मी खोडरबरानं पिना घासतो. पण हात आधी तोंडाकडेच जातो.

खरी पंचाईत आहे ती बदकं टिपायच्या 'डक हंट' गेमच्या खेळण्यातल्या बंदुकीची. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं; आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, बदक उडून जातं आणि गेममधला तो कुत्रा खिदळतो. म्हणजे बंदूक मिळाली तर मागोमाग पाठीला कुबड असलेला टीव्हीही घ्यायला हवा. चौदा इंची चालेल. बायकोला तो कुठे ठेवायचा ते विचारायचंय. तिनं उत्तर द्यायच्या आत घरी आणलेला बरा.