उजवीकडून येणाऱ्याचा मान

जर्मनीत गाडी चालवते म्हटल्यावर पुण्यातला प्रत्येक जण मला ऑटोबानबद्दलच, म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेबद्दलच विचारतो. "तिथे स्पीड लिमिट नसते ना गं?" काही ठिकाणी नसते, खरंय. पण संध्याकाळी पाचला श्टुटगार्टभोवतीच्या ऑटोबानवर जे काही चाललेलं असतं त्याला वेग म्हणत नाहीत. आणि सगळे एकाच दिशेने निघालेले असताना त्यांच्यासोबत जाण्यात तसं अवघड काय आहे? अवघड आहे ती आमची गल्ली.

आम्ही राहतो श्टुटगार्ट-वेस्टमध्ये. जुन्या चार-पाच मजली इमारती, दोन्ही कडांना ओळीने लावलेल्या गाड्या, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वेग ताशी 30. चौकात ना सिग्नल, ना पाटी, ना मामा. नियम एकच: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो बोळातून येत असेल आणि तुम्ही सरळ, चांगल्या रुंद रस्त्यावर असाल, तरी मान त्याचा. लग्नात वरमाईचा असतो तसा. का, कशासाठी, विचारायचं नाही.

नियम पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात. अंगात मुरत नाही, कारण समोरचा आपल्याकडे बघतच नाही. मी अलका टॉकीजच्या चौकात आणि नळ स्टॉपला ॲक्टिव्हा चालवत मोठी झाले. तिथे रिक्षाचं पुढचं चाक कुठे वळलंय, टेम्पोतून क्लीनरचा हात बाहेर आलाय का, बसवाल्याने मान हलवली का, हे सगळं एका नजरेत टिपायचं आणि दोघांनी त्या क्षणी काय ते ठरवायचं. इथे उजवीकडच्या गाडीतली आजी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला माझ्याशी काही ठरवायचंच नसतं, ते कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय. ती बेफिकीर आहे असं नाही. तिच्या उजवीकडे ती नीट बघते. तिच्या डावीकडे मी आहे आणि मी थांबणार, हे ती धरूनच चालते. त्यामुळे प्रत्येक बोळाच्या तोंडाशी वेग कमी करायचा, स्टिअरिंगवर ओणवं व्हायचं आणि कोपऱ्यावर लावलेल्या कुरिअरच्या व्हॅनपलीकडे डोकवायचं, हे काम माझं. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत हे असं वाकत वाकतच जावं लागतं.

गंमत म्हणजे हा नियम आपल्याकडेही आहे. 1989 सालच्या रस्त्यावरच्या वाहतुकीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की चौकात शिरताना पुढचा रस्ता मुख्य रस्ता म्हणून जाहीर केलेला नसेल, तर उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी. मी पुण्यात लायसन्स काढलं तेव्हा माझ्याकडून आठचा आकडा काढून घेतला. याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तरी डेक्कनच्या मागच्या गल्ल्यांमध्ये मी तो नियम कोणाला ऐकवणार होते?

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर 6 महिने चालतं. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने. लेखीला 30 प्रश्न, इंग्रजीतूनही देता येते. 10 पेक्षा जास्त दोषांक झाले की नापास. प्रत्यक्ष परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी लागते, म्हणून मास्तर आलेच. आमच्या मास्तरांचं पहिलं वेड म्हणजे मान वळवणं. आरशात बघितलं म्हणजे बघितलं नाही. उजवीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, कारण तिथून सरळ जाणारा सायकलवाला असू शकतो आणि पहिला हक्क त्याचा. दुसरं वेड माझ्या भलेपणावर वैतागणं. डावीकडे कोणी बराच वेळ ताटकळत असेल तर आपल्याला सहज वाटतं, जा बाबा तू आधी. मास्तर म्हणायचे, "तुम्ही थांबलात तर त्याला कळत नाही, मागच्याला कळत नाही, आणि मलाही कळत नाही."

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांनी वर्षानुवर्षं चेतक चालवली, नंतर मारुती, त्यामुळे शेजारच्या सीटवर बसूनही गाडी तेच चालवतात. आमच्या गल्लीत कचऱ्याचा ट्रक उभा होता, समोरून एक गाडी आली आणि तिने डिपर मारला. बाबांचा पाय नसलेल्या ब्रेकवर. "थांब, थांब! डिपर मारतोय तो!" मी हात वर केला आणि निघाले. बाबा मागे वळून बघत राहिले. "अगं, तो थांबला की!" आपल्याकडे डिपर म्हणजे मी येतोय, बाजूला हो. इथे गल्लीबोळात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'या तुम्ही' असा असतो. हे कायद्यात नाही, नुसता रिवाज आहे. ऑटोबानवर मागून कोणी डिपर मारला तर मात्र अर्थ आपल्या हायवेवरचाच!

हॉर्नबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही.

त्याच मुक्कामात आम्ही उल्म शहराकडे निघालो आणि A8 या ऑटोबानवर अडकलो. वाहतूक रेंगाळायला लागली तशा सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे, आणि मध्ये एक रिकामा पट्टा तयार झाला. ॲम्ब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता. ती येण्याआधीच वाट करायची असते. नाही केली तर किमान 200 युरो दंड, नावावर दंडाचे 2 पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवणं बंद. 8 पॉइंट झाले की लायसन्सच जातं. बाबांचं दंडाकडे लक्ष नव्हतं. ते त्या पट्ट्याकडे बघत होते. "एवढी जागा मोकळी, आणि एकही टू-व्हीलर घुसत नाही?" आई म्हणाली, "तुम्ही नाही ना चालवत आहात, म्हणून."

एका विषयात मात्र पुणेकर इथे शिकवणीशिवाय पास आहे. पुढे काम चालू असेल आणि लेन बंद होणार असेल, तर ती जिथे संपते तिथपर्यंत जायचं आणि मग एक इकडची, एक तिकडची असं मिसळायचं, असा इथला नियम आहे. प्रत्यक्षात कित्येक जर्मन खूप आधीपासूनच शेजारच्या लेनमध्ये शिस्तीत रांग लावतात आणि पुढे जाणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात जणू आपण रेशनच्या रांगेत घुसलोय. मी रिकाम्या लेनमधून थेट शेवटपर्यंत जाते, पुण्यात जायचे तशीच. इथे कायदाही माझ्या बाजूने आहे. नवरा सोलापूरचा. तो गाडी चालवत असला की पाटी दिसल्या दिसल्या रांगेला लागतो. मी नियम वाचून दाखवला तरी ऐकत नाही. म्हणतो, लोक बघतात.