बी-टू झाल्यावर विद्यापीठात जर्मन कशाला?

पुण्याला घरी फोन लावला की हा प्रश्न ठरलेला. बी-टू म्हणजे ए-वन ते सी-टू अशा भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी. ‘लेव्हल्स झाल्या, बोलता येतं, मग अजून काय शिकतेस?’ प्रश्न रास्त आहे. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला किंवा कंपनीतल्या कामाला बी-टू बहुतेकदा पुरतं. पण बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जर्मन साहित्य शिकताना जे हाती लागतंय, ते त्या परीक्षांत नव्हतंच.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरचा रस्ता ओलांडला की बेबेलप्लाट्झ हा चौक. तिथे फरशीत एक काच बसवलेली आहे. वाकून पाहिलं की खाली पांढरी, रिकामी फडताळं दिसतात, सुमारे २० हजार पुस्तकं मावतील एवढी. मिखा उलमान यांनी केलेलं हे स्मारक. १० मे १९३३ रोजी, नाझी राजवटीत, याच चौकात पुस्तकांची होळी झाली. पुढाकार विद्यार्थ्यांचा होता, सोबत प्राध्यापकही होते.

जवळच्या पाटीवर जर्मन कवी हाइनरिश हाइनेचं वचन आहे: पुस्तकं जाळतात तिथे शेवटी माणसंही जाळली जातात. पर्यटक फोटो काढून पुढे जातात. आम्ही सेमिनारमध्ये हे वचन ज्यातलं आहे ते हाइनेचं मूळ नाटकच उघडलं, १८२३ साली छापलेलं ‘अल्मान्झोर’. तिथे विषय आहे स्पेनमधल्या ग्रानादात कुराण जाळल्याचा. बोलणारं पात्र मुसलमान, आणि लिहिणारा कवी ज्यू घरात जन्मलेला. अख्खा दीड तास त्या एका प्रसंगावर गेला. बाईंनी अर्थ सांगितला नाही. कुणीही मत मांडलं की त्या एवढंच विचारत, ‘हे मजकुरात कुठे दिसतं?’ तास संपला की इथे टाळ्या नसतात, सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात. त्या दिवशी ती बराच वेळ चालली.

सत्राच्या शेवटी हाउसआर्बाइट, म्हणजे पंधरा-वीस पानांचा निबंध. विषय आपण शोधायचा, प्रत्येक विधानाला आधार द्यायचा, प्राध्यापकांचं मत खोडलं तरी चालतं. नोट्स पाठ करून पदवी मिळवलेल्या आपल्या मुलांना ही सवय सगळ्यात जड जाते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही तीच. अनुवाद, अध्यापन, प्रकाशन ही कामं पुढे मिळतात, पण मिळतात ती या सवयीच्या जोरावर.

कुणाला यायचंच असेल तर: प्रवेशाला साधारण सी-वन, म्हणजे बी-टूच्या वरची पातळी लागते. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत अशा अभ्यासक्रमांना शिकवणीची फी नाही, फक्त सत्रशुल्क असतं. खोली मात्र सहज मिळत नाही, म्हणून प्रवेश नक्की झाला की वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी टाका.