घाटात तापणारी पिकअप

मे महिना, पारा 43 वर. अशा दिवसांत सोलापुरात तापलेल्या गाड्या गॅरेजला रोजच येतात. पण या पिकअपने मला विचारात पाडलं. 2009 चं डिझेल मॉडेल, किराणा भरून तुळजापूरला जाणारी. गावात तापमानाचा काटा निम्म्यावर, घाट लागला की थेट लाल पट्ट्यात. मालकाने रेडिएटर साफ करून घेतला होता, वॉटर पंप नवा टाकला होता, आणि आता कोणीतरी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगितलं होतं.

"मिस्त्री, हेड खोलायचं का गाडीच विकून टाकू?" माणूस अगदी रडकुंडीला आला होता.

हेड खोलणं हा शेवटचा उपाय. ऑइलची काडी काढून बघितली, ऑइल दुधाळ नव्हतं. इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, रेस दिली, पाण्यात बुडबुडे नाहीत. म्हणजे हेडखालच्या गॅस्केटवर, म्हणजे गळती रोखणाऱ्या पट्टीवर, संशय घ्यायला जागा नव्हती. फॅन आणि बेल्टही ठीक. गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण मला पूर्ण थंड इंजिन सुरू होताना बघायचं होतं.

सकाळी स्टार्टर मारला आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाईपवर हात ठेवला. पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट वॉल्व्ह बंद असतो तोवर हा पाईप जवळपास गारच राहतो. पाणी 82 अंशांच्या आसपास गेलं की वॉल्व्ह उघडतो आणि पाईप एकदम असा तापतो की हात टिकत नाही. इथे पाईप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला. वॉल्व्ह उघडाच अडकलाय असं धरून हाऊसिंग खोललं, तर आत वॉल्व्हच नाही!

"आपल्याकडच्या उन्हात वॉल्व्ह कशाला?" हे मी कित्येकांच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी जीव तळमळतो. या इंजिनात वॉल्व्ह उघडताना त्याची खालची चकती बायपासचं भोक झाकते, तेव्हा कुठे सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. वॉल्व्ह काढला की ते भोक कायम उघडं. थोडं पाणी थंड न होताच परत इंजिनात जातं. रिकाम्या गाडीला ते खपतं, भरल्या गाडीला घाटात खपत नाही. वर थंडीत इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त जातं ते वेगळंच.

नवा वॉल्व्ह मालकासमोरच पातेल्यात पाणी उकळून तपासला. चकती खाली सरकताना बघून मालक थक्कच झाला. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही कडक झालं होतं, तेही बदललं. दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. बोअरचं पाणी काढून कूलंट भरलं.

दुसऱ्या दिवशी माल भरून घाट चढल्यावर त्याने वरूनच फोन केला. काटा निम्म्याच्या वर गेला नव्हता. मग वॉल्व्ह काढणाऱ्या मिस्त्रीला मी फोन लावला. तो म्हणाला, "उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांचाच काढतो." पुढचा काढायच्या आधी गाडी घेऊन ये, दोघं मिळून बघू, असं त्याला सांगितलंय.