लोणावळ्याच्या अलीकडे संपणारा आशिया

पुण्याहून लोकलनं निघालात तर लोणावळा यायच्या आत आशिया संपतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणाऱ्या लाखो दगडांपैकी एकाचं नाव आशिया आहे, आणि त्याचा व्यास जेमतेम साठ किलोमीटर. लघुग्रह क्रमांक ६७. खंडाचं नाव एवढ्याशा दगडाला का दिलं, याचं उत्तर मद्रासला आहे.

मद्रासच्या नुंगमबक्कममध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं १७९२ साली वेधशाळा बांधली. १८६१ साली नॉर्मन पॉगसन नावाचे इंग्रज तिथे सरकारी खगोलज्ञ म्हणून रुजू झाले आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांना हा दगड सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून नाव आशिया. ग्रीक पुराणात आशिया नावाची एक देवताही आहे, त्यामुळे पुराणातलीच नावं द्यायची हा त्या काळचा रिवाजही मोडला नाही. नाव ठेवणाऱ्यानं एका दगडात दोन पक्षी मारले, असं म्हणायचा मोह होतो. दगड खराच आहे म्हणून म्हणूनही टाकतो.

एप्रिलातली मद्रासची रात्र कशी असते हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. घामानं चिकटलेला सदरा आणि डासांची संगत सोसत दुर्बिणीला डोळा लावून माणूस बसतो, तो काय शोधायला? तर एक असा ठिपका, जो इतर ठिपक्यांसारखाच दिसतो. लघुग्रहाला शेपटी नसते, त्या काळच्या दुर्बिणींतून थाळीसारखं बिंबही दिसत नसे. तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. फरक एकच, तो आपल्या जागी राहत नाही. आज इथे, तर उद्या फार तर चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीइतका सरकलेला.

हे ओळखायचं तर आधी आजूबाजूचे सगळे तारे तोंडपाठ हवेत, निदान नकाशावर तरी. चाळीच्या गॅलरीत बसलेल्या आजींना जिन्यात शिरलेला अनोळखी माणूस लगेच कळतो. त्या काही हेरगिरी करत नसतात. वर्षानुवर्षं तोच जिना बघून ओळखीच्यांची यादी डोक्यात पक्की झालेली असते. लघुग्रह शोधणाऱ्यांची विद्या ही एवढीच. यात प्रतिभेचा भाग कमी आणि कारकुनीचा जास्त, आणि मला त्या कारकुनीचंच जास्त कौतुक वाटतं. नवं काही दिसायला जुनं इतकं बारकाईनं पाहिलेलं असावं लागतं, हे आपण शोधांच्या गोष्टी सांगताना गाळून टाकतो.

पॉगसन या कामात मुरलेलेच होते. मद्रासला येण्याआधी इंग्लंडमध्ये त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते, मद्रासहून आणखी पाच शोधले. पण त्यांचं नाव आज घेतलं जातं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती, म्हणजे तेजाचे दर्जे, मोजायची पट्टी त्यांनी १८५६ साली नीट बसवून दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, म्हणजे एका प्रतीला साधारण अडीचपट. आकाशदर्शनाला गेल्यावर कुणी ‘हा दुसऱ्या प्रतीचा तारा’ म्हणतं, तेव्हा नकळत पॉगसनांचाच हिशेब वापरत असतं.

त्यांच्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी काम करत होते. १८६७ साली त्यांनी एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा शोधला, आणि १८७४ साली शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे तो सूर्यबिंबासमोरून सरकत गेला, त्याआधी सामान्य माणसाला ते समजावं म्हणून भारतीय भाषांत पुस्तिका काढली. पॉगसनांची मुलगी इसिस हीसुद्धा १८७३ पासून तिथेच गणितं करत होती. ४२ क्रमांकाच्या लघुग्रहाचं इसिस हे नाव तिच्यावरूनच पडलं असं म्हणतात. १८८६ साली वडिलांनी तिचं नाव लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं, पण बायकांना प्रवेश नव्हता. १९२० साली तिला सदस्यत्व मिळालं, तोवर तिनं साठी ओलांडली होती.

असो. दगडाकडे वळू.

आशिया सूर्याभोवती एक फेरी पावणेचार वर्षांत पुरी करतो, म्हणजे तिथे लग्नाचा वाढदिवस विसरायलाही भरपूर वेळ आहे. दिवस मात्र सोळा तासांचा. साध्या हिशेबानं पाहिलं तर साठ किलोच्या माणसाचं वजन तिथे शे-सव्वाशे ग्रॅम भरेल, आणि त्यानं जागच्या जागी एक साधी उडी मारली तर जमिनीवर परत यायला चारेक मिनिटं लागतील. तेवढ्यात वर जाऊन पश्चात्तापही करून होईल.

शास्त्रज्ञ त्याला दगडी वर्गात, म्हणजे एस-प्रकारात टाकतात. त्यावरून परतलेला सूर्यप्रकाश तपासला की ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांच्या खुणा सापडतात. पायरॉक्सिन काही परकं नव्हे, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही ते आहे. पण सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आणि या जातीच्या पुष्कळ दगडांचा माल सूर्यमाला बनली तेव्हाचा, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला बराचसा त्यानंतर कधी वितळलाच नाही.

इतक्या लांबून हे खात्रीनं कसं सांगायचं, यावर बराच काळ वाद होता. मग जपानच्या हायाबुसा यानानं इतोकावा नावाच्या छोट्या दगडी लघुग्रहावरचे कण २०१० साली पृथ्वीवर आणले, आणि पृथ्वीवर पडणारे साधे उल्कापाषाण याच वर्गातून येतात हे हातात धरून दाखवता आलं.

असे पाषाण आपल्याकडेही पडतात. २२ मे २०१२ ला, विदर्भातल्या भर उन्हाळ्याच्या दुपारी, नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात ते पडले. संत्र्यांच्या गावात आभाळातून दगड! वर्गवारीत ते एल-६ म्हणून नोंदले गेले; एल म्हणजे लोखंड कमी असलेली जात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एल जातीच्या बहुतेक पाषाणांचं मूळ गाव मासालिया या लघुग्रहाचं कुटुंब, म्हणजे टकरीत त्याच्यापासून फुटलेल्या तुकड्यांचा गोतावळा असावा. मासालियाही दगडीच, क्रमांक २०. तिथून इथवर यायला त्यांना कुणी ढकललं म्हणाल, तर उन्हानं. लहान दगडाची दुपारी तापलेली बाजू संध्याकाळकडे फिरली की उष्णता बाहेर टाकते आणि त्या अगदी क्षीण धक्क्यानं दगडाची कक्षा लाखो-कोटी वर्षांत सरकत जाते. सरकत सरकत तो गुरूच्या ओढीच्या टापूत शिरला की गुरू त्याला आत भिरकावतो.

आशिया सापडला तेव्हा लघुग्रहांचे क्रमांक ६७ पर्यंत पोचले होते, आता सात लाखांच्या वर गेले आहेत. मधल्या काळात फोटोंच्या काचांवर यांच्या रेघा इतक्या उमटायच्या की वैतागलेले खगोलज्ञ त्यांना आभाळातली कीड म्हणू लागले. नावांची ददात नाही, हा त्यातला फायदा. ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला २०१९ साली पंडित जसराजांचं नाव मिळालं. त्यांची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. क्रमांकातले आकडे दोन-दोनच्या जोड्यांनी उलटे वाचून बघा.

हल्ली हे काम शाळकरी मुलंही करतात. मोठ्या दुर्बिणींनी ठरावीक मिनिटांच्या अंतरानं टिपलेली चित्रं संगणकावर एकामागून एक फिरवायची आणि कोणता ठिपका जागा सोडतोय ते बघायचं, अशा मोहिमा असतात आणि आपल्याकडच्या शाळा त्यात भाग घेतात. ठिपका खरा निघाला तर त्याला आधी अक्षरं आणि आकडे जोडलेली तात्पुरती ओळख मिळते. कायमचा क्रमांक आणि नाव कक्षा पक्की झाल्यावर, म्हणजे बरीच वर्षं गेल्यावर. तोवर शोध लावणारा मुलगा इंजिनिअरिंगला जाऊन नोकरीलाही लागलेला असतो, आणि त्याला निरोप कुठे पाठवायचा हे शाळेतल्या सरांना शोधावं लागतं.