टेक्ससचा ब्राह्मन आणि आपली कृष्णाखोरी

दर मार्चमध्ये ह्यूस्टनला जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे मी आधी ब्राह्मन जातीच्या गुरांच्या दावणीकडे जाते. या अमेरिकन गुरांचं मूळ भारतीय. करडा रंग, भरगच्च वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी. शिरोळकडच्या माणसाला हे जनावर परकं वाटतच नाही. आपल्याकडे हा वंश औतासाठी जोपासला, इथे मांसासाठी घडवला. काहींना हे वाचायला जड जाईल, पण गोष्ट तशीच आहे.

मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दमट उन्हात युरोपातून आलेली हेरफर्ड, शॉर्टहॉर्न गुरं धापा टाकायची, गोचिडांच्या तापाने मरायची. 1854 साली लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारने दोन भारतीय वळू दिले. त्यांची संकरित वासरं या हवेत तगली, तशी मागणी वाढली. 1906 साली टेक्ससच्या पिअर्स रँचसाठी भारतातून गुरं निघाली, पण सर्रा रोग आढळला आणि ती न्यू यॉर्कजवळच्या बेटावर अडकून पडली. पुढे ब्राझीलमधून मेक्सिकोमार्गे वळू आले. 1924 साली पैदासकारांची संघटना उभी राहिली. रक्त मुख्यतः कांक्रेज, ओंगोल आणि गीर या भारतीय जातींचं, आणि थोडं आपल्या कृष्णाखोरी जातीचं.

माझे बाबा जनावरांचे डॉक्टर. इथे आले होते तेव्हा मालकाला विचारून त्यांनी एका वळूच्या पाठीवरचे केस बोटांनी मागे सारले. "बघ, वर पांढरं, आत काळी कातडी. बारीक केसांवरूनच ऊन परततं." सैल कातडी आणि भरपूर घाम, यामुळे अंग थंड राहतं. गोचीडही या गुरांना कमी लागते. वळू 725 ते 1000 किलोंपर्यंत भरतो, पण वासरू जन्मताना लहान असतं, त्यामुळे गाय सहज विते. उणिवाही आहेत. कालवड उशिरा माजावर येते, आणि मांस अँगस या मांसासाठीच्या जातीइतकं मऊ नसतं. म्हणून तीन अष्टमांश ब्राह्मन आणि पाच अष्टमांश अँगस असं ब्रँगस तयार केलं.

मला मात्र राहून राहून कृष्णाखोरीचं वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी नदीकाठच्या चिकट काळ्या रानासाठी हा बैल घडवला. खिलारसारखा चपळ नाही, पण चिखलात नांगर ओढायला दमदार. ट्रॅक्टर आला आणि दावणी रिकाम्या झाल्या. इथल्या पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जपल्या, आणि मूळ वंश घरीच विरळ होत चालला. याचा मला रागही येतो.

शिरोळ, अथणी, जमखंडी भागात कुणाकडे अजून शुद्ध कृष्णाखोरी गाय किंवा वळू असेल तर खाली जरूर लिहा. बाबांना ती येत्या दिवाळीत बघायला जायचंय.