थम, कौन आता है?

भाच्याला एम.ए.च्या सेमिनारसाठी सैनिकानं लिहिलेली युद्धकविता हवी होती. त्यानं अ‍ॅलन लुईसची 'द मराठा घाट्स' ही इंग्रजी कविता उचलली, नावात मराठा दिसलं म्हणून. वाचून झाल्यावर दुकानात येऊन म्हणतो, "मामा, ह्यात युद्धच नाही."

खरंच नाही. बंदूक नाही, खंदक नाही, मेलेलं माणूस नाही. भेगाळलेली खोरी, काट्याकुट्यांत चरणारी शेरडं, पाठीवर ऊन ओढत चाललेले काळे शेतकरी. शेवटाकडं एक भिकारी आणि एक सैनिक. संपलं.

लुईस वेल्समधल्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातला, १९१५ चा जन्म. साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीबरोबर १९४२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. काही दिवस पुण्याच्या बाजूला होता, तिथल्या इस्पितळातही पडून होता. ५ मार्च १९४४ ला ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून गेला. चौकशीत अपघात ठरला, पुष्कळांना ते आजही पटत नाही. वय २८.

माझंही एम.ए. इंग्रजीच, पण पोट भरतंय ते कळे गावातल्या कृषी सेवा केंद्रावर. त्यामुळं माझी नजर आधी मातीवर जाते. भाच्याच्या नोट्समध्ये होतं : तांबडी माती म्हणजे युद्धातलं रक्त. असेल. रक्ताचा रंग कवीनंच म्हटलाय, नाकारत नाही. पण त्याआधी त्यानं माती नीट बघितलीय, हे नोट्सवाल्याच्या गावीही नाही. खाली काळं रान, वर घाटावर तांबडं, नुकतंच नांगरलेलं, उन्हानं पिठासारखं दळलेलं. कोल्हापुरातून गगनबावड्याला निघा. कळ्यापर्यंत उसाची काळी जमीन, पुढं चढ लागला की जांभा सुरू. वैशाखात नांगरून टाकलेल्या तिथल्या रानातलं ढेकूळ मुठीत दाबलं की बोटांतून भुकटी गळते. परक्या मुलखातला लेफ्टनंट ही माती हातात घेतल्यासारखी लिहितो, याचं मला जास्त अप्रूप.

पुढं मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे. इथले बारके देव माणसांच्या हाडातला मगज शोषतात, पुजारी दात काढतात, हजार वर्षं फुकट गेली की काय, असं तो विचारतो. हजार? ही कविता लिहिण्याच्या तीसेक वर्षं आधीच शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाला हात घातला होता. १९४३ साली ते अर्धवट होतं हे खरं, पण एक उन्हाळा बघून हजार वर्षांचा हिशेब मांडणं जरा साहेबीच वाटतं.

तरी मगज शोषण्याच्या ओळीच्याच कडव्यात एक जबरदस्त गोष्ट आहे. माणूस जमिनीचा मालक नाही, तो कोरडवाहू तुकडाच माणसांचा मालक आहे, असं तो म्हणतो. आणि लगेच पुढं येतो तो बिनजमिनीचा सैनिक.

इथं अडलो, म्हणून संध्याकाळी तात्यांकडं गेलो. तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, बेळगावला रिक्रूट. मी मराठीत सांगत गेलो, ते तंबाखू मळत ऐकत होते. घाटमाथ्यावर कोण चढून येतंय? दुसरं कोण, ओझं घेतलेला भिकारी. तारा तुटताना बघून कोण रडलं? दुसरं कोण, लढाईत हरवलेला बिनजमिनीचा शिपाई.

मळणारा अंगठा थांबला. "परत वाच."

वाचलं.

"आरं, हे सेंट्री विचारतोय की. थम, कौन आता है!"

मग पहाऱ्याचं सांगत बसले. अंधारात चाहूल लागली की आधी आवाज द्यायचा. बहुतेक वेळा निघतो गुराखी, नाहीतर वाट चुकलेली म्हैस. "पर उत्तर येईस्तोवर बोट ट्रिगरवर असतंय बघ."

कविता माझ्यापुरती तिथं उघडली. युद्ध त्या प्रश्नात बसलंय. आपल्याच घाटात आपल्याच वाटेनं चढणाऱ्या माणसाला परका शिपाई विचारतो, तू कोण? भिकारी निघाला की त्याचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या वेळी मात्र कुणीच येत नसतं. रडण्याचा आवाज त्याचा स्वतःचाच आहे, आणि त्यालाही तो तेच उत्तर देतो : कुणी विशेष नाही, शिपाई आहे.

"आणि बिनजमिनीचा का म्हटलं असंल?" मी विचारलं.

"जमीन असती तर भरतीला कशाला गेलो असतो?" तात्या म्हणाले. त्यांची विहीर, पाइपलाइन, सगळं फौजेच्या पैशातून झालंय.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याला आवडलं, पण लगेच तोंड बारीक. "मामा, सर विचारतील, हा अर्थ कुठल्या समीक्षकाचा? नाव काय लिहू?"

म्हटलं, हुद्दा लिही. सुभेदार, निवृत्त. पलटण कितवी ते त्यांनाच विचारून घे.